बाजूला ठेवलेला आवाज

माझ्या आईनं आयुष्यात कधी कुणाच्या चहाला छान म्हटलं नव्हतं. फारच खूश असली तर "बरा झालाय" म्हणायची आणि कप बशीवर आपटायची. त्यामुळे गळ्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली आणि माझ्या हातच्या चहाचा पहिला घोट घेऊन, मानेवरच्या पट्टीतून, पाकात घोळवल्यासारख्या आवाजात "किती सुंदर चहा केलास गं बाळा" म्हणाली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती स्वतःही दचकली. कप खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जे होतं त्यातलं काहीही त्या आवाजात नव्हतं. मी उरलेला चहा चाखून बघितला. त्यात साखरच घातलेली नव्हती.

आई म्हणजे मालन मगदूम. मिरजेच्या एसटी स्टँडवर तिनं कंट्रोलर म्हणून अख्खी नोकरी काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं काम. पण ती तेवढ्यावर थांबायची नाही. "खिडकीतून रुमाल टाकणारे लाल टोपीवाले, रुमाल काढा, गाडी तुमच्या सासऱ्यांची नाही," हेही ती माइकवरूनच सांगायची आणि सगळा स्टँड हसायचा. घरी आम्हा दोघा भावंडांवर तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. माया करायची तीही रागावूनच. बाबा गेल्यावर तिनं आम्हाला रागावून रागावूनच वाढवलं आणि आम्ही वाढलो.

कॅन्सरनं तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याचं फार वाटून घेऊ नका, असं हॉस्पिटलात सांगितलं, कारण आता कंठपट्टी होती. ही पट्टी काय करते ते सोपं आहे. स्वरयंत्र गेलं तरी मेंदू बोलण्याचे हुकूम सोडतच असतो. माणसानं नुसते ओठ हलवले तरी जिभेच्या आणि मानेच्या स्नायूंत विजेच्या बारीक लहरी उठतात. पट्टी त्या टिपते आणि आपल्या घरात ठेवलेल्या एका पेटीकडे पाठवते. त्या लहरी अर्धवट, पुसट असतात. म्हणून माणूस काय म्हणत असेल याचा अंदाज पेटी बांधते आणि ते वाक्य त्याच्याच आवाजात बोलून दाखवते. आवाज तयार करायला ऑपरेशनच्या आधी त्याच्याकडून तासन्‌तास बोलून घेतलेलं असतं. आईकडूनही घेतलं होतं.

गोम होती ती अंदाजात. अंदाज कुठल्या बाजूला झुकवायचा हे ठरवता येतं. हॉस्पिटलच्या पडद्यावर तीन पर्याय आले होते: मूळ, समतोल आणि सौम्य. माझा धाकटा भाऊ अभिनंदन पुण्याहून आला होता, सह्या त्यानंच केल्या. सगळे सौम्यच घेतात, घरात शांतता राहते, असं तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं आणि त्यानं सौम्यवर बोट ठेवलं. आई तिथंच बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

मला हे कळलं तेव्हा मी त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "अक्का, तू उगं डोकं फिरवून घेतीस. आई एवढी गोड बोलायला लागलीय, त्यात वाईट काय आहे?"

वाईट काय ते दसऱ्याला दिसलं. अभिनंदन घरी आला आणि त्यानं विषय काढला. पुण्याच्या बाहेर एक ज्येष्ठनिवास आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत, आईनं तिथं राहावं. मी ऑफिसला गेल्यावर ती दिवसभर एकटी असते, हेही खरंच होतं. तो बोलत असताना मी आईच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ थरथरले, मानेच्या शिरा तटतटल्या आणि हात असा उडाला की मांडीवरचं आपट्याच्या पानांचं ताट कलंडलं. ती जे म्हणत होती ते मला लहानपणापासून पाठ आहे. चिडली की ती म्हणायचीच, करा काय करायचं ते, नेऊन टाका मला एकदाचं. या वाक्याचा अर्थ काय होतो हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

पट्टी म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मला तिथं घेऊन चला, मला आवडेल."

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आईचे पाय धरले. आईनं पाय ओढून घेतले, लिहायला जवळ ठेवलेली पाटी ओढली आणि खडूचे दोन तुकडे होईपर्यंत दाबून लिहिलं, हे मी बोलले नाही. त्यानं तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. समुपदेशक बाईंना नवल वाटलं नाही. नवीन आवाजाचे पेशंट पहिल्या वर्षात तो आवाज आपला मानत नाहीत, हा आजाराचाच भाग आहे, पाटीवरच्या रागाकडे लक्ष देऊ नका, बोललेलं खरं धरा, असं त्या म्हणाल्या. अभिनंदननं ते खरं धरलं आणि भाऊबीज झाली की आईला न्यायचं ठरवून टाकलं. तिथं निवासाचीच पेटी वापरतात, त्यामुळे आमची पेटी हॉस्पिटलला परत जाणार होती, आणि परत घेतलेली पेटी रिकामी करतात.

त्या दिवसापासून आईनं पट्टी काढून खुंटीला टांगली आणि बोलणंच सोडलं. एरवी शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाणारी बाई चकार शब्द न काढता खिडकीत बसून राहायची. तिनं पट्टी काढली, म्हणजे ती खचलीय, म्हणजे तिला तिकडेच नेलं पाहिजे, असं अभिनंदनचं गणित. इतका शिकलेला माणूस, पण त्याला समोरच्या बाईचं तोंड वाचता येईना.

आईला तिचा मूळ आवाज परत मिळाला तर ती स्वतःच नाही म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी ऑपरेशनच्या आधीचे नमुने हवेत. ते पेटीतच असणार, कारण अंगातून निघालेली माहिती घराबाहेर ठेवायची नाही असा आता कायदा आहे. मी सांगातीला विचारलं. सांगाती म्हणजे हल्ली प्रत्येक यंत्रात बसलेला तो मदतनीस. तो अदबीनं म्हणाला, "असे कोणतेही नमुने सापडले नाहीत. आईंसाठी एखादं प्रसन्न गाणं लावू का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेटी उचलून भिंतीवर फेकणार होते, पण आत आई होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण हल्लीच्या लोकांना ती ठाऊकच नसते. यंत्रातल्या सगळ्या गोष्टी कुठंतरी ठेवलेल्या असतात. एका फोल्डरमध्ये फाइल असतात, त्यात आणखी फोल्डर, त्यांत आणखी. पूर्वी लोक हे स्वतः उघडून बघायचे. सांगाती आल्यापासून कुणी बघत नाही. आपण विचारायचं, त्यानं आणून द्यायचं. पण तो शोधतो म्हणजे सगळं बघत नाही. आपल्या प्रश्नाचा अर्थ आणि प्रत्येक फाइलचा अर्थ तो आकड्यांत मांडतो, त्यांतलं अंतर मोजतो आणि जवळचं तेवढं आणतो. उपयोगाचं नाही असं ज्याच्यावर आधीच लिहून ठेवलंय, ते त्याच्या लेखी लांब पडतं. मग तो सापडलं नाही म्हणतो आणि आपण ते नाहीच असं समजतो.

मला अर्थ लावणारा नको होता, मला प्रत्येक दार ढकलून बघणारा हवा होता. नगर वाचनालयात हुक्केरी सर रविवारी सकाळी प्रोग्रॅमिंग शिकवायचे. एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. विद्यार्थी आम्ही मोजकेच, त्यांतले दोघे तर पंख्यासाठी येत असावेत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मला बाकी काही शिकायचं नाही, एका पेटीत घुसून आवाजाच्या फाइल शोधायच्या आहेत. ते म्हणाले, रागानं आलेले विद्यार्थी लवकर शिकतात. मला तेव्हा त्यांचाही राग आला.

माझा पहिला प्रोग्रॅम अगदी लहान होता. या फोल्डरमध्ये काय काय आहे ते बघ, त्यात आवाजाची फाइल असेल तर तिचं नाव छाप. मी तो पेटीला जोडून चालवला. उत्तर आलं, शून्य. मी सरांपुढे जाऊन आदळआपट केली. त्यांनी प्रोग्रॅम वाचला आणि म्हणाले की मी फक्त बाहेरच्या सोप्यात डोकावून घरात कुणी नाही असं ठरवलंय, आतल्या खोल्यांत गेलेच नाही.

मग त्यांनी आत जायला शिकवलं. समोर आलेली गोष्ट फाइल असेल तर तपास. फोल्डर असेल तर त्यात शिर आणि तिथंही हेच सगळं पुन्हा कर. एवढ्या दोन सूचनांवर प्रोग्रॅम कितीही खोल जातो. त्याला अक्कल नसते, पण तो कंटाळत नाही. मी पुन्हा चालवला, तर थोडं आत जाऊन तो थांबला आणि पडदा लाल एररनं भरला. पुढच्या रविवारपर्यंत कोण थांबणार? मी कुठूनतरी एक तयार ओळ उचलली आणि मधे चिकटवली. अडचण आली तर काही बोलू नकोस, पुढे जा, असा तिचा अर्थ. आता प्रोग्रॅम लोण्यातून सुरी जावी तसा सुरळीत चालला. सगळी पेटी फिरून आला आणि म्हणाला, शून्य.

या वेळी मी विश्वास ठेवला. सगळ्या खोल्या बघून झाल्या होत्या, म्हणजे नमुने पुसले होते. मी हॉस्पिटलात जाऊन समुपदेशक बाईंशी कडाकडा भांडले. त्यांनी मलाच एका शिबिराचं पत्रक दिलं. अभिनंदनला फोन केला, त्यानं आईसाठी घेतलेल्या नव्या गादीबद्दल सांगितलं. मी फोन ठेवला आणि रडले. मी दुःखानं फारशी रडत नाही, रागानंच रडते. तेवढं आईकडून आलंय.

दिवाळी तोंडावर आली. एके सकाळी डॉक्टरांची तपासणी होती म्हणून आईनं नाइलाजानं पट्टी बांधली होती. मी आंघोळीला गेले होते आणि ती स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. बाहेर आले तर मधाळ आवाज ऐकू आला, "थोडं गरम आहे गं बाळा, काही काळजी करू नकोस." मी केस पुसत सावकाश आत गेले. आई ओट्याला धरून उभी होती. कढईतलं तेल तिच्या मनगटावर उडालं होतं, कातडी लालभडक झाली होती आणि तिचं तोंड किंचाळताना उघडतं तसं उघडं होतं. ती ओरडत होती. पट्टी पुन्हा म्हणाली, "सगळं ठीक आहे."

मी तिचा हात नळाखाली धरला, पट्टी ओरबाडून काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. पाणी वाहत होतं, आई हुंदके देत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी ती उसनी ओळ आली. अडचण आली तर काही बोलू नकोस, पुढे जा. आईच्या गळ्यात त्यांनी जे बसवलं होतं, तेच मी माझ्या हातानं माझ्या प्रोग्रॅममध्ये बसवलं होतं. तो बिचारा दारावर धडकून ओरडत होता आणि मीच त्याचं तोंड दाबलं होतं.

मनगटाला मलम लावून झाल्याबरोबर मी पेटीसमोर बसले. ती ओळ काढली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली. अडचण आली तर जिथं आली त्या जागेचं नाव मोठ्यानं सांग आणि मग पुढे जा. प्रोग्रॅम चालवला. नावं सरकत राहिली आणि एका ठिकाणी आलं, परवानगी नाही, कुलूप आहे. फोल्डरचं नाव होतं 'बाजूला ठेवलेले'. खाली बारीक अक्षरांत होतं की हा फक्त रुग्णाच्या अंगठ्यानं उघडेल.

मला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं. कायद्यानं कुलूप आईचं होतं आणि किल्ली तिच्या हाताला चिकटलेली होती. फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी पेटी तिच्यापुढे ठेवली. तिनं भाजलेल्या हाताचा अंगठा टेकवला.

आत आवाजाच्या फाइल खच्चून भरल्या होत्या. मी पहिली लावली आणि खोलीत मालन मगदूम बोलायला लागल्या. "काय हो, हे काय वाचायला दिलंय? कोवळी उन्हं अन् दवबिंदू? असं कोण बोलतं घरात? आधी तो पंखा लावा, घामानं जीव निघालाय. अन् तुम्ही जेवलाय का? तोंड बघा कसं झालंय."

ऑपरेशनच्या आधी रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला ती बोलत होती. अशा जितक्या फाइल होत्या, तितक्यांवर यंत्रानं एकच शेरा मारला होता: तीव्र, वापरास अयोग्य. कागदावरचं वाचताना पडलेला कंटाळलेला सूर तेवढा निवडून त्यांनी त्यात पाक ओतला होता. आई ऐकत राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आवाज न करता, आणि हसता हसता माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. किती महिन्यांनी तिनं मला मारलं होतं.

त्याच फोल्डरमध्ये या फाइलींशेजारी आणखी एक फोल्डर होता. पट्टी बांधल्यापासून आईनं ओठांनी म्हटलेल्या प्रत्येक वाक्याच्या मूळ लहरी, क्रमानं. यंत्रानं नीट जपून ठेवल्या होत्या. फक्त ऐकवल्या नव्हत्या. मी नमुने उचलून आवाजाच्या जागी आणून ठेवले. मग माझ्या प्रोग्रॅमला सौम्य हा शब्द शोधायला पाठवलं. तो एका फाइलीत सापडला. मी तो खोडून तिथं मूळ लिहिलं.

भाऊबीजेला अभिनंदन गाडी घेऊन आला. मी दात ओठ खात त्याला ओवाळलं. आईनं पट्टी बांधली होती, पण ती अजून एक शब्द बोलली नव्हती. त्यानं तिची बॅग उचलून दारात नेली आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आई, निघायचं ना?"

आई उठली. पदर खोचला आणि फलाटाकडे बघावं तशी दाराकडे बघत बोलली, "मिरज-पुणे गाडी दारात लागलेली आहे. ज्यांना जायचंय त्यांनी बसून घ्यावं. मी कुठंही जाणार नाही. आणि ती बॅग खाली ठेव, अभ्या. माझी आहे."

अभिनंदनच्या हातातून बॅग सुटली. त्याला अभ्या म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी तो माझ्याकडे वळला. मी चार दिवस कसलातरी क्लास केलाय आणि आता आईच्या तोंडी माझे शब्द घालतेय, असं तो म्हणाला. मोठमोठ्या डॉक्टरांनी बसवलेल्या यंत्रात मी हात घातलाच कसा, पेटीत मी काय भरलंय, दसऱ्याला तर आई स्वतः हो म्हणाली होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"तिला काय विचारतोस?" आई म्हणाली. "मला विचार."

तो आईकडे वळला. त्यानं तिच्याकडे बघत हळू आवाजात विचारलं, दसऱ्याला तू काय म्हणाली होतीस?

"पेटीत आहे," आई म्हणाली. "त्रिशला, लाव. दसऱ्याचं नाही, पहिल्यापासून लाव."

मी मूळ लहरींचा फोल्डर उघडला आणि त्या आईच्या आवाजातून सोडल्या. पहिली होती, "साखर घाल की बये, हे काय पाणी दिलंयस?" अभिनंदनला हसू फुटलं. दुसरी लागली. "ही कोण बोलतीय माझ्या गळ्यातनं? बंद करा तिला." त्याचं हसू गेलं. मग शेजारणीशी, मग डॉक्टरांशी, मग माझ्याशी, सगळीकडे तेच, हे मी म्हटलं नाही, हे मी म्हटलं नाही. दसरा आला. "करा काय करायचं ते. नेऊन टाका मला एकदाचं." आणि त्याच्या मागोमाग, तो पाय धरून रडत होता तेव्हाची, "अभ्या, त्या पट्टीचं ऐकू नको. माझ्या तोंडाकडं बघ. बघ की रे."

तो भिंतीला टेकून खाली बसला. हात जोडल्यासारखे करून तो मला म्हणाला, बास, अक्का, कळलं मला. माझं बोट आपोआप बटणाकडे गेलं.

"थांबायचं नाही," आई म्हणाली. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि भाजलेल्या हातानं तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "सगळ्या ऐकायच्या. पुढची लाव."

मी पुढची लावली.